दक्षिण हिमसागरातले एक कुसळ

साउथ जॉर्जिया बेटावर पाऊल ठेवण्याच्या आदल्या दिवशी जहाजावरील सर्व प्रवाशांना आपापले कोट, विजारी, हातमोजे, टोप्या आणि पाठीवरच्या पिशव्या घेऊन खालच्या मजल्यावर बोलावण्यात आले. एका लांब मेजावर चिमटे, ब्रश आणि विजेऱ्या मांडल्या होत्या. कोपऱ्यात व्हॅक्यूम क्लीनर घुमत होता. खिसे उलटे करायचे, शिवणी तपासायच्या, बुटांच्या तळव्यातील प्रत्येक खाच टोकरायची, असा तो कार्यक्रम. दिवाळीपूर्वीची घरातली साफसफाईही इतक्या बारकाईने होत नसावी. माझी पाळी आली तेव्हा मार्गदर्शक पथकातील तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ मुलीने माझ्या पिशवीच्या चिकटपट्टीवर विजेरीचा झोत टाकला, चिमट्याने काहीतरी अलगद उचलले आणि माझ्यासमोर धरले. बोटाच्या पेराएवढे, तांबूस, टोकाशी अणकुचीदार असे ते गवताचे एक कुसळ होते.

ते कोठले हे मला पाहताक्षणीच कळले. दिवाळीच्या सुटीत लेकीच्या मुलांना घेऊन आम्ही कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगरावर गेलो होतो, तेव्हा हीच पिशवी माझ्या पाठीला होती. पावसाळा सरल्यावर वाळलेल्या गवतातून चालले की पायघोळ वस्त्रांना आणि मोज्यांना कुसळे लागायचीच. ती झटकली की आपण विसरून जातो. हे एक कुसळ मात्र मुंबई, ब्युनोस आयर्स, उशुआया असा अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून माझ्याबरोबर येथवर आले होते. मुलीने ते एका पाकिटात बंद केले, वहीत नोंद केली आणि हसून मला पुढे जाण्याची खूण केली. मला मात्र हसू आले नाही. उरलेल्या साऱ्या प्रवासात त्या कुसळाने माझी पाठ सोडली नाही, आणि हा लेखही त्याच्यामुळेच लिहिते आहे.

चैनीचे तरंगते घर

तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशाच्या तळाशी असलेला तो पांढरा पट्टा फळ्यावर खडूने शेकडो वेळा काढला आणि मुलांना सांगितले, की हा अंटार्क्टिका. सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा, जगातील जवळजवळ नव्वद टक्के बर्फ सांभाळणारा खंड. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त या सफरीची तिकिटे हाती ठेवली, तेव्हा मला आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. अशा सफरीचा दरडोई खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात सहज जातो. एवढ्या रकमेत गावाकडच्या शाळेत एक चांगली प्रयोगशाळा उभी राहिली असती, असे मी बोलूनही दाखवले. "अगं, शाळेला द्यायचे ते आपण देऊच, पण ज्याच्याविषयी आयुष्यभर बोललीस ते एकदा डोळ्यांनी पाहून तर ये," यजमान म्हणाले. जावे की जाऊ नये, हा प्रश्न मी त्या दिवशी मिटवला नाही. सामानाबरोबर बांधून घेतला, इतकेच.

उशुआया हे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचे शहर ५४ अंश ४८ मिनिटे दक्षिण अक्षांशावर वसले आहे. तेथून जहाज बीगल खाडीतून बाहेर पडते. आमचा मार्ग प्रथम पूर्वेकडे फॉकलंड बेटांना, तेथून दोन-अडीच दिवसांवरच्या साउथ जॉर्जियाला, मग नैर्ऋत्येला एलिफंट बेटावरून अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे आणि शेवटी ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून पुन्हा उशुआयाला असा होता. एकूण तीन आठवडे.

जहाज म्हणजे एक तरंगते चैनीचे घरच होते. प्रत्येक खोलीला समुद्राकडे उघडणारी गच्ची, न्हाणीघरात पायांखाली उबदार फरशी, वर काचेच्या भिंतींचा दिवाणखाना, बाष्पस्नानाची सोय आणि ध्रुवप्रदेशांवरील पुस्तकांनी भरलेले ग्रंथालय. प्रवासी मात्र दोनशेहूनही कमी. त्यामागे ऐटीपेक्षा नियम अधिक आहे. अंटार्क्टिकात पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसे उतरवता येतात.

जेवणाची चिंता मी घरूनच घेऊन निघाले होते. जहाजाच्या मुख्य आचाऱ्याला आमच्या पथ्याची यादी आधीच कळवली होती. त्याने ती भिंतीवर लावून ठेवली आणि तीन आठवडे निष्ठेने पाळली. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नियम तर तेथे अनायासे पाळला गेला. फेब्रुवारीच्या आरंभी द्वीपकल्पाच्या परिसरात सूर्य रात्री दहानंतर मावळतो. सात वाजता ताटावर बसताना खिडकीतून लखख ऊन यायचे आणि यजमान घड्याळाकडे पाहून समाधानाने मान डोलवायचे. किनाऱ्यावर मात्र खाण्याची एकही वस्तू नेता येत नाही. सांगलीहून नेलेला चिवडा खोलीतच संपवला.

पडदे ओढलेल्या रात्री

फॉकलंड सोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी हवेत अचानक बोचरा गारठा आला. दक्षिणेचे अतिशीत पाणी उत्तरेकडील किंचित उबदार पाण्याला भेटते आणि त्याच्याखाली शिरते, ती सीमारेषा आम्ही ओलांडत होतो. नकाशावर ती तुटक रेषेने दाखवतात; येथे ती त्वचेला कळली. या सीमेपाशी पोषक द्रव्ये वर येतात, सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर क्रिल नावाचे बोटाएवढे कोळंबीसदृश जीव अमाप वाढतात आणि क्रिलवर पेंग्विनपासून देवमाशापर्यंत सर्वांचा संसार चालतो.

जहाजामागून भटके अल्बाट्रॉस येत होते. पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या घरातील एखाद्या खोलीच्या रुंदीइतका. तासन्‌तास पंख न हलवता तो पक्षी लाटांवरून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगतो; वाऱ्याच्या वेगातील फरक हेच त्याचे इंधन.

त्या रात्री जहाजावर एक सूचना झाली. अंधार पडताच सर्वांनी खिडक्यांचे जाड पडदे ओढावेत, गच्चीवरील दिवे लावू नयेत. साउथ जॉर्जियाजवळ लहान समुद्रपक्ष्यांचे थवे रात्री उडत असतात. धुक्यात दिव्याच्या प्रकाशाने ते भांबावतात आणि जहाजावर आदळून मरतात. एवढे मोठे झगमगते घर पाहता पाहता काळोखात विरून गेले. आपल्या दिव्याला भुलून कोणाचा प्राण जाऊ नये म्हणून अंधारात बसणे आम्हा दोघांना परके वाटले नाही.

पाच मीटर

साउथ जॉर्जिया हे सुमारे १६५ किलोमीटर लांबीचे, अरुंद आणि पर्वतमय बेट. माउंट पॅजेट हे त्याचे सर्वोच्च शिखर २,९३५ मीटर उंच आहे. सेंट अँड्र्यूज उपसागराच्या किनाऱ्यावर झोडियाक या रबरी होडीतून उतरलो, तेव्हा प्रथम वास आला, मग आवाज आणि त्यानंतर दृश्य. समोर हिमनद्यांच्या पायथ्यापर्यंत पसरलेली किंग पेंग्विनांची वसाहत होती. येथे सुमारे दीड लाख जोड्या असल्याचे सांगतात. मानेवर केशरी पट्टा, पाठ रुपेरी करडी, चाल एखाद्या पोक्त वकिलासारखी.

किंग पेंग्विन घरटे बांधत नाही. एकुलते अंडे तो पायांवर तोलून, पोटाच्या घडीखाली झाकून उबवतो. नर आणि मादी पाळीपाळीने सुमारे चोपन्न दिवस हे काम करतात. पिल्लू स्वावलंबी होण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. तपकिरी लोकरीचा झगा घातल्यासारखी ती पिल्ले एकत्र उभी असतात आणि समुद्रावरून परतणारी आई किंवा बाप त्या हजारोंच्या कोलाहलात केवळ आवाजावरून आपले पिल्लू ओळखून काढतात.

नियम असा, की प्राण्यापासून किमान पाच मीटर दूर राहायचे. फर सीलपासून त्याहून अधिक. त्यांच्या वाटेवर उभे राहायचे नाही, समुद्र आणि वसाहत यांच्या मधोमध जायचे नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पक्ष्यांचा घातक फ्लू या बेटावर पोहोचल्यापासून जमिनीवर बसण्यास, गुडघे टेकण्यास, पिशवी खाली ठेवण्यासही मनाई झाली आहे. हा रोग पर्यटकांनी आणलेला नाही. दक्षिण अमेरिकेतून उडत येणाऱ्या पक्ष्यांबरोबर तो आला, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याचा फटका मात्र मोठा होता. हत्ती सीलच्या बेटावरील सर्वांत मोठ्या वसाहतींत प्रजननक्षम माद्यांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. रोगाला आपल्या बुटांचे वाहन मिळू नये, म्हणून ही खबरदारी.

मी उभी होते तेथे एक पेंग्विन सरळ माझ्याकडे चालत आला. मी मागे सरकले. तो पुढे आला. मागे पाणी होते, तेव्हा निश्चल उभी राहिले. त्याने माझ्या बुटाकडे मान वाकवून पाहिले, काही क्षण विचार केल्यासारखे केले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. पाच मीटरचा नियम आमच्यासाठी होता, त्याच्यासाठी नव्हता. ज्या जीवाला माणसाचे भय ठाऊक नाही त्याच्यासमोर उभे राहिल्यावर आपणच ओशाळतो. याच किनाऱ्यांवर एकोणिसाव्या शतकात माणसाने फर सीलची इतकी कत्तल केली की ते जवळजवळ नामशेष झाले होते. आज ते पुन्हा लाखोंनी आहेत.

काहिलींची खाडी

ग्रिटविकेन या नावाचा अर्थ भांड्यांची खाडी. सीलची चरबी कढवण्यासाठी आणलेल्या लोखंडी काहिली येथे सापडल्या, त्यावरून हे नाव पडले. आमच्या भागात काहील म्हटले की गुऱ्हाळघर, उसाचा उकळता रस आणि गुळाचा सुवास आठवतो. येथे १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन खलाशाने देवमासे सोलण्याचा कारखाना उभारला. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्यांवर मिळून सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. त्यांच्या तेलापासून साबण, मार्गारिन आणि स्फोटकांसाठी लागणारे ग्लिसरीन तयार झाले. गंजून तांबड्या झालेल्या त्या टाक्या आजही उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत सील झोपलेले असतात.

जवळच्या लहानशा दफनभूमीत सर अर्नेस्ट शॅकल्टन यांची समाधी आहे. १९१५ मध्ये त्यांचे 'एंड्युरन्स' जहाज बर्फात चिरडून बुडाले. बावीस सहकाऱ्यांना एलिफंट बेटावर ठेवून शॅकल्टन पाच जणांसह एका लहान होडीतून सुमारे तेराशे किलोमीटरचा खवळलेला समुद्र ओलांडून या बेटावर आले आणि १९१६ च्या ऑगस्टमध्ये त्या सर्व बावीस जणांना सुखरूप परत आणले. १९२२ मध्ये पुढच्या मोहिमेवर असताना याच बंदरात त्यांचे निधन झाले.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती उंदरांची हकीकत. सील आणि देवमासे मारण्यासाठी आलेल्या जहाजांतून उंदीर नकळत बेटावर उतरले. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले त्यांनी खाऊन टाकली. बेटावरचा एकमेव गाणारा पक्षी, साउथ जॉर्जिया पिपिट, उंदीर पोहोचू शकले नाहीत अशा बारक्या बेटांपुरता उरला. अखेर २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरांतून सुमारे तीनशे टन विषारी आमिष टाकण्यात आले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त घोषित झाले. नॉर्वेजियनांनी शिकारीसाठी १९११ मध्ये आणलेल्या रेनडिअर हरणांचीही हजारोंच्या संख्येने वाढलेली प्रजा अशीच संपवावी लागली. पिपिट परतला. आम्ही त्याचे गाणे ऐकले. लहानसे, घाईघाईचे, आपल्या चंडोलाच्या जातकुळीतले.

ते ऐकताना मला आनंद झाला आणि त्या आनंदाची टोचणीही लागली. पक्ष्यांना वाचवण्यासाठी असंख्य उंदरांना विष घालावे लागले. उंदरांचा दोष काय होता? ते तेथे स्वतःहून आलेच नव्हते. संध्याकाळी मी हा प्रश्न पथकातील एका ज्येष्ठ पक्षितज्ज्ञांना विचारला. त्यांनी तो टाळला नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की एकदा उंदीर उतरल्यानंतर निर्दोष मार्ग कोणताच शिल्लक राहिला नव्हता. काही केले तरी हिंसा आणि न केले तरी हिंसा. निर्दोष मार्ग फक्त एकाच क्षणी उपलब्ध होता. पहिला उंदीर दोरावरून खाली उतरत होता तेव्हा कोणी पाहिले असते तर.

त्या क्षणी मला माझे कुसळ आठवले.

साडेनऊ बिया

२००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकात जाणाऱ्या माणसांचे कपडे, बूट आणि पिशव्या शास्त्रज्ञांनी तपासल्या होत्या. प्रत्येकामागे सरासरी साडेनऊ बिया सापडल्या. पर्यटकांपेक्षा संशोधक आणि त्यांचे साहाय्यक अधिक बिया वाहून नेतात, असेही त्या पाहणीत आढळले. अर्थात पर्यटकांची संख्या मोठी. अंटार्क्टिकाच्या मूळच्या सपुष्प वनस्पती केवळ दोन आहेत, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी बुटकी वनस्पती. किंग जॉर्ज बेटावरील पोलिश संशोधन केंद्राजवळ १९८५ मध्ये 'पोआ' हे युरोपातील साधे अंगणातले गवत उगवलेले दिसले. ते उपटून काढण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे खपावे लागले.

बाहुबलीचे कुसळ तेथे रुजले असते का? बहुधा नाही, दख्खनच्या उन्हाची सवय असलेले ते बी त्या थंडीत तग धरते ना. पण कोणते बी रुजेल आणि कोणते नाही, हे आपण आधी ठरवू शकत नाही. म्हणून सगळीच टिपायची. त्यानंतर प्रत्येक उतरणीपूर्वी आणि परतल्यावर बूट जंतुनाशक द्रावणात बुडवताना मला कंटाळा आला नाही. पाऊल कोठे पडते हे पाहून चालावे, असे लहानपणापासून ऐकले होते. पावलाबरोबर काय जाते हे पाहण्याची मात्र ही पहिलीच वेळ होती.

परतलेले देवमासे

एलिफंट बेटाजवळ पहाटे कप्तानांनी जहाजाचा वेग कमी केला. क्षितिजावर धुराच्या लोटांसारखे उच्छ्वास दिसू लागले. एक, तीन, दहा, मग मोजणे सुटले. ते फिन देवमासे होते, ब्लू व्हेलच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठे प्राणी. विसाव्या शतकातील शिकारीने या समुद्रातून ते जवळजवळ नाहीसे केले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच परिसरात एकाच ठिकाणी दीडशेपर्यंत फिन देवमासे एकत्र चरताना दिसल्याची नोंद आहे. १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव झाला, १९९४ मध्ये दक्षिण महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला, आणि त्यांना उसंत मिळाली. त्यांच्यासाठी माणसाने वेगळे असे काही केले नाही, मारणे थांबवले.

द्वीपकल्पाच्या परिसरात लेमेर खाडीतून जाताना दोन्ही बाजूंना हजार मीटरच्या आसपास उंचीचे काळे कडे आणि मध्ये आरशासारखे पाणी होते. निळ्या हिमनगांवर करकोटक्या सीलच्या सुस्त रांगा, पलीकडे जेंटू पेंग्विनांच्या घरट्यांतील दगडचोरी. घरट्यासाठी खडे हीच त्यांची संपत्ती. शेजाऱ्याचे लक्ष नाही असे पाहून ते एक एक खडा लांबवतात आणि तो शेजारीही तेच करीत असतो.

एका दुपारी होडीचे यंत्र बंद करून आम्ही दहा जण निःशब्द बसलो. हिमनगातील हजारो वर्षांपूर्वीची हवा फुटताना पाण्यात तडतड असा बारीक आवाज येत होता. इतक्यात होडीपासून थोड्या अंतरावर हंपबॅक देवमाशाची काळी पाठ वर आली, उच्छ्वासाचा फवारा उडाला, त्याचा उग्र वास आमच्यापर्यंत पोहोचला आणि शेवटी ते विशाल शेपूट सावकाश उचलले जाऊन पाण्यात गेले. कोणी काही बोलले नाही. यजमानांनी छायाचित्र घेण्यासाठी हातात धरलेला कॅमेरा तसाच मांडीवर होता.

मुसळ

जहाजावर शेवटच्या व्याख्यानांपैकी एक व्याख्यान अंटार्क्टिका कोणाचा या विषयावर होते. १९५९ मध्ये बारा राष्ट्रांनी केलेल्या करारानुसार हा खंड शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखलेला आहे. १९९१ च्या माद्रिद येथील पूरक कराराने तेथील खनिज उत्खननावरही बंदी आली. भारत १९८३ मध्ये या करारात सामील झाला. त्याआधी ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या भूमीवर पोहोचली. आज तेथे 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली केंद्रे आहेत आणि त्यांचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेतून चालतो. ती केंद्रे खंडाच्या पूर्व भागात, आमच्या मार्गापासून हजारो किलोमीटरवर होती. तरी ते ऐकताना मान ताठ झाली.

पुढचे आकडे ऐकताना ती खाली गेली. १९६६ मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी सामान्य नागरिकांची सफर नेली, तेव्हा जहाजावर साठही प्रवासी नव्हते. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी मिळून 'आयाटो' ही आयोजकांची संघटना स्थापन केली आणि स्वतःसाठी नियम घालून घेतले, त्या सुमारास वर्षाला सहा-सात हजार पर्यटक येत. आता एका हंगामात एक लाखाहून अधिक येतात. जहाजे, विमाने आणि केंद्रांवरील जनित्रे यांच्या धुरातील काजळी बर्फावर बसते. काळा बर्फ ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हिशेब असा, की २०१६ ते २०२० या काळातील प्रत्येक पर्यटकाच्या वाट्याला येणाऱ्या काजळीमुळे सुमारे ८३ टन बर्फ वेळेपूर्वी वितळते. हे द्वीपकल्प मुळातच गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे ३ अंश सेल्सिअसने तापले आहे. बर्फाच्या आधाराने जगणारे अॅडेली पेंग्विन त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर घटत आहेत.

खोलीवर परतल्यावर मी यजमानांना म्हटले, "अहो, आपल्याकडची म्हण आहे ना, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. इथे तर माझ्याच पिशवीतले कुसळ चिमट्याने काढले. मुसळ मात्र आपण ज्याच्यावर बसून आलो तेच आहे." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "देवमासे मारणाऱ्यांना कोणीतरी थांबवले, कारण कोणीतरी येऊन पाहिले होते. कोणीच आले नाही तर इथले काय चालले आहे ते सांगणार कोण?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझेही नव्हते. त्या रात्री आम्ही कोणत्याच निर्णयावर आलो नाही.

ड्रेक सामुद्रधुनीच्या दोन दिवसांत जहाज एवढे हेलकावत होते की विचारच सुचत नव्हता. उशुआयाचे दिवे दिसले तेव्हा मात्र माझ्यापुरते उत्तर तयार झाले होते. पाहिले ते सांगण्याचे ऋण आपल्यावर आहे; पुन्हा जाण्याचा हक्क मात्र त्याने मिळत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

वाचकांपैकी कोणी या सफरीचा विचार करीत असतील, तर अनुभवाचे काही सांगते. जहाज लहान निवडावे. मोठ्या जहाजांतून बर्फ केवळ दुरून दिसतो. कंपनी आयाटोची सदस्य आहे का, ती कोणते इंधन वापरते, मार्गदर्शकांत शास्त्रज्ञ किती आहेत, हे प्रश्न तिकिटाआधी विचारावेत. दक्षिणेच्या या समुद्रात जड खनिज तेलावर २०११ पासून बंदी आहे आणि काही नव्या जहाजांवर बॅटऱ्यांचीही जोड आहे. वैद्यकीय मदतीसाठी विमानाने हलवण्याचा खर्च धरणारा विमा अनिवार्य समजावा, कारण जवळचे रुग्णालय दोन-तीन दिवसांच्या अंतरावर असते. समुद्र लागण्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने बरोबर ठेवावीत. पथ्याचे जेवण किमान दोन महिने आधी लेखी कळवावे. आणि पिशवी शक्यतो नवी घ्यावी. जुनी असेल तर घरीच, उन्हात बसून, चिकटपट्ट्या उघडून तपासावी.

परतल्यावर माझ्या जुन्या शाळेत मुलांना छायाचित्रे दाखवली. एका मुलाने विचारले, "बाई, तिथून काय आणलंत?" काहीच नाही, असे मी सांगितले, तेथून खडा, पीस, हाड काहीही उचलायचे नसते. त्याच्या शेजारच्या मुलीने लगेच विचारले, "मग तिथे काय ठेवून आलात?" वर्गात मी कधी खोटे बोलले नव्हते. तेव्हा फळ्याकडे वळून काजळी आणि बर्फ यांचे गणित मांडले आणि खाली आमच्या दोघांच्या नावावर १६६ टन असे लिहिले. प्रयोगशाळेसाठीचे पैसे आम्ही त्या महिन्यात शाळेला दिले. त्याने ते १६६ टन पुसले जात नाहीत, हे मुलांनाही कळत होते.

या दिवाळीत पुन्हा नातवंडांना घेऊन बाहुबलीच्या डोंगरावर गेलो. उतरून आल्यावर धाकटी नात शेवटच्या पायरीवर बसली आणि मोज्यांतली कुसळे एक एक करून काढू लागली. मुठीत जमा झाल्यावर तिने विचारले, "आजी, ही कुठे टाकू?"

"इथेच टाक बाळा," मी म्हटले, "ही इथलीच आहेत."